वाटपाचा दावा लावायचा की गप्प बसायचं?

रेवा_स. | सोमवार, रात्री 9:40
आईच्या माहेरच्या जमिनीबद्दल लिहिते आहे. प्रश्न आमच्या एका घरापुरता नाही, म्हणून इथे मांडते.

सातारा जिल्ह्यात आजोबांची वडिलोपार्जित बागायती जमीन आहे. आजोबा 1998 साली गेले. वारस लागले तेव्हा फक्त दोन्ही मामांची नावं लागली. आई आणि मावशीचं नाव फेरफारात आलंच नाही. गेल्या दिवाळीत सातबारा ऑनलाइन काढला तेव्हा हे आम्हाला कळलं. मोठ्या मामांकडे विषय काढला तर म्हणाले, "हक्कसोड करून द्या, साडीचोळी करू." आता रस्त्याकडेचा तुकडा कुणा व्यापाऱ्याला द्यायचं घाटतंय असं गावातून कानावर आलं आहे.

आई म्हणते, मला माझा वाटा हवा. नातेवाईक एकच वाक्य ऐकवतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मला याचाच राग येतो. हे वाक्य कायम मागणाऱ्यालाच ऐकवलं जातं. ताबा धरून बसलेल्याला कुणी सांगत नाही की बाबा रे, बहिणीवर कोर्टात जायची वेळ आणू नकोस. कोर्टात उशीर होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो उशीर कुणाच्या पथ्यावर पडतो हेही.

ज्यांनी दिवाणी दावा लावलाय किंवा ज्यांच्यावर लागलाय, त्यांनी अनुभव सांगावेत. आईने दावा लावावा का?

शेखर_लातूर | सोमवार, रात्री 10:15
नका लावू ताई. अगदी मनापासून सांगतो.

आमचा बांधाचा दावा वडिलांनी लावला होता. मी शाळेत होतो तेव्हापासून घरात "तारीख" हा शब्द सणावारासारखा ऐकतोय. सकाळची पहिली एसटी धरायची, कोर्टाच्या व्हरांड्यात लावलेल्या बोर्डावर आपला नंबर बघायचा, कडुलिंबाखाली बसून पुकाऱ्याकडं कान लावायचे. दुपारी कळायचं साहेब रजेवर आहेत, नाहीतर समोरच्या वकिलांनी मुदतीचा अर्ज दिलाय. वकिलांना चहा, कारकुनाला काहीतरी, येताना रिकाम्या हातानं घरी. त्यात प्रतिवादी वारला. त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचे म्हणून पुन्हा अर्ज, पुन्हा समन्स. मग वडील गेले, आमची नावं लागली. जेवढ्या जमिनीसाठी भांडण होतं तेवढी विकत घेऊन वर उरले असते एवढा पैसा गेला. चुलत भावांशी बोलणं बंद झालं ते वेगळंच.

गोदाकाठ | सोमवार, रात्री 10:21
शेखरभाऊंना अनुमोदन. वकील सोडून या धंद्यात कुणाचं भलं झालेलं पाहिलं नाही.

अनुराधा_वकील | सोमवार, रात्री 11:50
गोदाकाठ, तुमचा राग समजते. पण रेवाच्या प्रश्नाचं उत्तर "नका लावू" एवढंच दिलं तर त्या व्यापाऱ्याचं काम सोपं होईल. मी तालुका कोर्टात दिवाणी कामं चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हक्काचं बोलू. आईंचं लग्न कदाचित 1994 च्या आधी झालं असेल. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट नाही. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत किंवा कोर्टामार्फत वाटप झालं असेल तर ते मोडत नाही. तेव्हा आधी तसं काही झालंय का ते तपासा.

फेरफारात नाव नाही म्हणजे मालकी गेली असं नाही. फेरफार ही महसुली नोंद आहे, मालकी त्याने ठरत नाही. पण मुदतीचा कायदा विसरू नका. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळलंय हे कळल्यापासून 12 वर्षांत दावा लावावा लागतो. समोरची बाजू म्हणणारच की तुम्हाला 1998 पासूनच माहीत होतं. हे कळून आता वर्ष होत आलंय. आणखी जितकं थांबाल तितकं त्यांचं म्हणणं बळकट होईल.

विक्रीची भीती असेल तर दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्यायचा. आम्ही त्याला निशाणी 5 म्हणतो. पूर्ण दावा चालायला वर्षं लागतात, पण निशाणी 5 वरचा हुकूम तुलनेने लवकर होतो आणि पुष्कळदा सगळं प्रकरण तिथेच फिरतं. दुसरं म्हणजे लिस पेंडन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची नोटीस. मुंबई प्रांताच्या 1939 च्या दुरुस्तीमुळे आपल्याकडे ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. नोंदवली की दावा चालू असताना जमीन कुणी घेतली तरी त्याला निकाल बंधनकारक राहतो. पुष्कळ पक्षकार हे करतच नाहीत आणि मग नव्या खरेदीदाराशी नव्याने भांडतात.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी 7:30
अनुराधाताई, माहितीबद्दल आभार. पण मुदतीचे अर्ज देतं कोण? पक्षकार तर नाही लिहीत.

अनुराधा_वकील | मंगळवार, सकाळी 9:05
देतो आम्हीच, नाही कशाला म्हणू? दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय की एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायच्या नाहीत. कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, 30 दिवसांत आणि फार तर 90 दिवसांत यायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने या मुदतीत थोडी ढील ठेवली, आणि खाली त्या ढिलाईचाच नियम झाला. ताबा ज्याच्याकडे आहे त्याचा वकील घाई करत नाही, आणि त्याच्या अशिलालाही तेच हवं असतं.

पण सगळं वकिलांवर ढकलू नका. आमच्या कोर्टात एका न्यायाधीशापुढे रोज साठ-सत्तर प्रकरणं बोर्डावर असतात. त्यातल्या तीन-चारांत साक्ष झाली तरी दिवस चांगला गेला म्हणायचा. विधी आयोगाने 1987 साली सांगितलं होतं की दर दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हवेत. आज मंजूर पदं धरूनही जेमतेम 21 च्या आसपास होतात. जिल्हा आणि तालुका पातळीवरची तुंबलेली प्रकरणं चार कोटींच्या वर गेली आहेत. लघुलेखक नाही, बेलीफ कमी, समन्स "घर बंद" म्हणून परत येतं. ही रिकामी पदं भरायचं काम सरकारचं आहे, आणि ते मागायचं काम तुमचं-माझं.

चिंचवडकर | मंगळवार, सकाळी 9:40
एक छोटी गोष्ट. आता सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा क्रमांक) टाकला की पुढची तारीख मोबाइलवर दिसते. पूर्वी फक्त तारीख विचारायला वडील तालुक्याला जायचे. तेवढा तरी हेलपाटा वाचला.

बांधावरचा | मंगळवार, दुपारी 1:15
दावा लागून निकालही मिळाला, तरी पुढं काय होतं ते मी सांगतो.

आमच्या आत्याच्या बाजूनं वाटपाचा हुकूमनामा झाला. पेढे वाटले. पण शेतजमीन सारा (जमीन महसूल) भरणारी असली की वाटप कोर्ट स्वतः करत नाही. ते जिल्हाधिकाऱ्यांकडं जातं, तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेखला मोजणीसाठी. मोजणीला सर्व्हेअर आला तेव्हा उभा ऊस होता. "ऊस गेल्यावर या." पुढच्या वेळी समोरचे हजरच नाहीत. मग तुकडेबंदीचा प्रश्न निघाला, ठरावीक क्षेत्राच्या खाली तुकडा पडायला नको म्हणून गट कसे पाडायचे यावर नव्यानं वाद. कागदावर आत्या मालकीण, पाणी मात्र चुलतेच फिरवतायत.

अनुराधा_वकील | मंगळवार, दुपारी 2:30
बांधावरचा यांनी दुखऱ्या जागीच बोट ठेवलं. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील कोर्ट) 1872 सालीच लिहून ठेवलंय की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढा. 2025 मध्ये सगळ्या उच्च न्यायालयांकडून आकडे मागवले तर देशभर आठ लाखांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचं दिसलं, आणि त्यातल्या तीन लाखांवर एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीतल्या. आठ लाख घरं जिंकून बसलीत आणि त्यांच्या हातात काही नाही. मी याला न्याय म्हणू शकत नाही.

जुना_पुणेकर | मंगळवार, दुपारी 4:02
उशिराचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. सगळ्यात लांबलेला खटला म्हणून गिनेस बुकात पुण्याचा एक दावा होता. मानपानाच्या हक्कावरून 1205 साली सुरू झाला आणि 1966 साली निकाल लागला, म्हणजे 761 वर्षं! शेखरभाऊ, तुम्ही अजून पहिल्या फेरीतच आहात.

शेखर_लातूर | मंगळवार, दुपारी 4:20
हाहा. मग माझ्या नातवाच्या नातवाला वकीलपत्रावर सही शिकवून ठेवतो.

कागदपत्री | मंगळवार, सायंकाळी 5:45
पुणेकर, गिनेसने छापलं म्हणून मला पटत नाही. यादव काळात सुरू झालेला वाद एकाच "दाव्या"च्या रूपात इंग्रजी कोर्टापर्यंत आला असं म्हणायला सलग कागद हवेत.

इतिहासातलं घ्यायचंच तर 1875 घ्या. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला 12 मे रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठून कर्जरोखे जाळले. घरदार लुटण्यापेक्षा त्यांना तो कागद हवा होता, कारण कागद घेऊन सावकार दिवाणी कोर्टात जायचा, शेतकरी हजर राहायचा नाही, एकतर्फी हुकूमनामा व्हायचा आणि जमीन जायची. कोर्ट तेव्हा झपाट्याने चालत होतं, पण एकाच बाजूसाठी. म्हणून 1879 चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता आला, गावपातळीवर सलोखा करणारे नेमले. न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश होते. त्याच्या आधीच पुण्यात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी, सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने, लवाद कोर्टं काढली होती. कोर्टाबाहेर मिटवायची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. पण ती चालायची तर दोन्ही बाजूंना कोर्टाचा धाक सारखाच वाटायला हवा.

टेम्सकाठ | मंगळवार, रात्री 11:10
मी लंडनजवळ राहतो. इकडे साधारण नियम असा की हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा, आणि तो खर्च नावापुरता नसतो. त्यामुळे दाव्याआधीच दोन्हीकडून पत्रव्यवहार होतो, कागद दाखवले जातात आणि पुष्कळ वाद तिथेच मिटतात. आपल्याकडे खोटा बचाव घेतल्याबद्दल भरपाई म्हणून संहितेच्या कलम 35अ मध्ये कमाल 3,000 रुपये लिहिलेत! तेवढ्यात दहा वर्षं जमीन वापरता येत असेल तर कोण मिटवेल? व्यापारी दाव्यांसाठी खर्चाचे नियम कडक केलेत, तसे साध्या दाव्यांतही करावेत.

मीनाताई | बुधवार, सकाळी 8:25
टेम्सकाठ, मी तालुका विधी सेवा समितीत स्वयंसेवक आहे. तुमचं म्हणणं अर्धं पटतं. हरल्यावर समोरच्याच्या वकिलाचे पैसे द्यावे लागतील म्हटलं तर माझ्याकडे येणारी एकही बाई दावा लावणार नाही. मामा तो धोका पत्करतील, रेवाची आई नाही पत्करणार. दंड करायचाच तर खोटं शपथपत्र आणि उगाच मागितलेल्या मुदतीवर करा, नुसतं हरल्याबद्दल नको.

रेवा, एक लक्षात ठेव. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातच समितीचं कार्यालय असतं, 15100 वर फोन करूनही विचारता येतं. शेतजमिनीच्या वाटपात मूल्यांकन साऱ्याच्या पटीत होतं, त्यामुळे कोर्ट फीही फार येत नाही. "कोर्टात लाखो जातात" असं मामा सांगत असतील तर घाबरू नकोस.

पणजीकर | बुधवार, सकाळी 10:50
गोव्यात हे थोडं वेगळं चालतं. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून मुलगा-मुलगी समान वारस, लग्न झालं तरी. माणूस गेला की इन्व्हेंटरी करायची. सगळे वारस आणि सगळी मिळकत कोर्टापुढे एकाच यादीत येते. एखादी वस्तू कुणाला हवी यावर एकमत नसेल तर वारसांमध्येच बोली लागते, ज्याची जास्त त्याला ती मिळकत आणि बाकीच्यांना पैसे. 2012 च्या कायद्यात हे सगळं नव्याने मांडलंय. आमच्याकडे उशीर होत नाही असं मुळीच नाही. एका घराचे वारस पोर्तुगाल, आखात, मुंबई असे पांगलेले, त्यांना नोटिसा पोचवताना वर्षं जातात. पण बहिणीचं नाव यादीतून गुपचूप गाळणं अवघड आहे.

दादासाहेब_प | बुधवार, रात्री 9:30
मी दुसऱ्या बाजूचा माणूस. माझ्यावर माझ्या बहिणीनं वाटपाचा दावा लावला होता. इथं सगळे भावांना चोर समजून लिहितायत म्हणून लिहितो.

आई-वडिलांचं शेवटचं आजारपण मी आणि माझ्या बायकोनं काढलं. विहीर मी खोदली, पाइपलाइनचं सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर होतं. बहिणीच्या लग्नाला बापानं एक तुकडा विकला होता. मग ती समान वाटा मागते तेव्हा माझ्या घामाचं काय, असा माझा प्रश्न होता आणि आजही आहे. समन्स आलं त्या दिवशी बायकोनं देवघरातला तिचा राखीचा फोटो काढून ठेवला. गावात मान खाली गेली.

सुरुवातीला माझ्या वकिलांनी तेच केलं, मुदतीवर मुदत. पण निशाणी 5 वर मनाई झाली आणि बँकेनं पीककर्जाच्या वेळी दाव्याची विचारणा केली. मला शेडनेट घालायचं होतं, ते अडलं. तेव्हा न्यायाधीशांनी मध्यस्थीकडं पाठवलं. तिथल्या वकीलबाईंनी आधी मला एकट्याला बसवून सगळं ऐकून घेतलं. विहिरीचा खर्च, आजारपण, लग्नातला तुकडा, सगळं कागदावर मांडलं. दिवाणी कोर्टात माझं हे कुणी ऐकेल असं मला वाटलं नव्हतं. बहिणीनं विहिरीचा खर्च मान्य केला. तिला जमीन नको होती, पैसे हवे होते. मी हप्त्यानं दिले, लोकअदालतीत तडजोड झाली, तिची कोर्ट फी परत मिळाली. त्याला अपीलही नाही, त्यामुळं विषय संपला.

रेवाताई, खरं सांगतो. दावा लागला नसता तर मी कधीच बोलायला बसलो नसतो. तुमचे मामाही बसणार नाहीत.

शेखर_लातूर | बुधवार, रात्री 10:05
दादासाहेब, वाचून बरं वाटलं. आमच्या दाव्यात मध्यस्थीचं नाव कुणी काढलं नाही. वडिलांच्या वेळी ही सोय नव्हतीच म्हणा.

अनुराधा_वकील | बुधवार, रात्री 10:40
कलम 89 खाली मध्यस्थीला पाठवायची तरतूद 2002 पासून अमलात आहे, शेखर. तुमचा दावा चालू असेल तर आजही अर्ज देता येतो.

आणि दादासाहेबांच्या प्रतिसादातली मनाई आणि बँक लक्षात घ्या. तोवर उशीर त्यांना परवडत होता, नंतर परवडेना. तडजोड बसते ती अशी. मनाई नसताना मध्यस्थीला गेलेल्या बहिणींना मी हात हलवत परत येताना पाहिलंय.

हवालदार_निवृत्त | गुरुवार, सकाळी 6:50
ठाण्यात काम करताना जमिनीच्या भांडणातून झालेल्या मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या. बांध कोरला म्हणून कुऱ्हाड उचलतात. माणसं आमच्याकडे येऊन म्हणायची, "साहेब, दिवाणीत वीस वर्षं लागतील, तुम्ही 420 लावा म्हणजे तो वठणीवर येईल." दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊ नका असं सर्वोच्च न्यायालय पुन्हा पुन्हा सांगतं, पण लोक तरी काय करतील? वाद छोटा असेल तर तंटामुक्ती समितीत मिटतो, वारसाहक्काचा नाही मिटत. समितीत बसणारे बहुतेक भाऊच असतात.

बांधावरचा | गुरुवार, सकाळी 7:15
हवालदारसाहेब, शेवटचं वाक्य लाखाचं.

अदलाबदलीच्या वादांसाठी 2023 साली आलेली सलोखा योजना मात्र चांगली आहे. माझी जमीन तुझ्या ताब्यात आणि तुझी माझ्या, आणि ताबा 12 वर्षांहून जुना असेल, तर 1,000 रुपये मुद्रांक आणि 1,000 रुपये नोंदणी फीत अदलाबदल होते. रेवाताईंच्या कामाची नाही, पण कुणाला उपयोगी पडेल.

रेवा_स. | गुरुवार, रात्री 9:15
सगळ्यांचे मनापासून आभार. शेखरदादा आणि दादासाहेब या दोघांचे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. दादासाहेबांचं वाचल्यावर ती म्हणाली, "धाकट्यानेही अण्णांचं (आजोबांचं) खूप केलंय, ते मी नाकारणार नाही. पण माझं नाव का गाळलं ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

आधी वकिलांमार्फत नोटीस पाठवायची आणि त्यातच मध्यस्थीची तयारी लिहायची असं ठरवलंय. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही किंवा विक्रीची हालचाल दिसली तर निशाणी 5 सह दावा. एक अडचण आहे. मावशी म्हणते, "भावांविरुद्ध माझं नाव नको." तिच्याशिवाय दावा लावता येतो का?

अनुराधा_वकील | गुरुवार, रात्री 9:50
मावशी दाव्यात असायलाच हव्यात. वाटपात सगळे वारस पक्षकार नसतील तर दावा त्याच कारणावर अडकतो. पण त्यांनी वादी व्हायलाच हवं असं नाही, त्यांना प्रतिवादी करा. वाटपाच्या दाव्यात प्रतिवादीलाही स्वतःचा हिस्सा मागता येतो. मावशी भावांविरुद्ध एक शब्दही बोलल्या नाहीत तरी त्यांचा हिस्सा हुकूमनाम्यात दाखवला जातो. समन्स घरी जाईल तेव्हा त्या बिथरतील, म्हणून आईंनी आधी जाऊन त्यांना हे समजावून सांगावं.

नोटिशीआधी 1998 चा वारसाचा फेरफार, त्याच्या मागचे जुने सातबारे आणि आठ अ यांच्या सही-शिक्क्याच्या नकला काढा. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख ऑनलाइन मिळतात, बाकी तहसीलच्या अभिलेख कक्षात. वारसाच्या वर्दीला जोडलेला जबाब मिळाला तर सोडू नका. त्यात "मयतास फक्त दोन मुलगे" असं लिहून दिलेलं असेल तर पुढच्या उलटतपासात मामांना पहिला प्रश्न तोच विचारायचा.